अलफियाचं इटालियन

निकाह ठरताना अलफियाने एकच अट घातली होती. नवरा परदेशात आणि आपण रत्नागिरीत, असा संसार करणार नाही. तिचे वडील हयातभर कुवेतला होते. आई, शमीम, फोनवरच संसार करत आली. जमालने सगळ्यांसमोर अट मान्य केली. इटलीत, ऑस्ट्रियाच्या सीमेलगतच्या एका खोऱ्यात तो हॉटेलच्या किचनमध्ये कामाला होता. "भाषा शिकून घे, की लगेच नेतो," म्हणाला.

निकाह करून जमाल परत गेला. अलफिया शाळेत शिकवून संध्याकाळी ऑनलाइन इटालियन शिकू लागली. मंडणगडच्या शाळेतली कायम नोकरी चालून आली, पण इटलीला जायचंच आहे म्हणून ती तिने नाकारली. जमालने पाठवलेल्या फोटोंत रस्त्यांच्या पाट्यांवर दोन-दोन नावं दिसायची. तिने विचारलं, तर म्हणाला, "दुसरं टुरिस्टांसाठी."

तिसऱ्या वर्षी, ईदला अलफिया माहेरी असताना, जमालच्याच हॉटेलातला, सुट्टीवर आलेला झैन भेटायला आला. शमीमने शीरखुर्मा पुढे केला. "आमची अलफिया इटालियन फाडफाड बोलते हां आता."

झैन हसला. "भाभी, इटालियन कशाला? आमच्या गावात इटालियन बोललात तर दुकानदार तुम्हालाच टुरिस्ट समजेल. तिथे सगळे जर्मन बोलतात."

"इटलीत?"

"नकाशात इटली. खोरं आधी ऑस्ट्रियाचं होतं. शाळा जर्मन, दुकानं जर्मन, शेफ शिव्या घालतो त्याही जर्मन. जमालभाई बोलले नाहीत? माझ्या बायकोला गावातल्या जर्मन क्लासला त्यांनीच तर नेलं."

"तुझी बायको तिथे आहे?"

झैनने वाटी खाली ठेवली. "दीड वर्ष झालं, भाभी."

तो गेल्यावर अलफियाने आईसमोरच जमालला फोन लावला.

"झैनच्या बायकोला जर्मन. मग मला इटालियन का?"

"झैनचं तोंड काही गप्प बसत नाही," जमाल म्हणाला. "इटालियनही चालतं गं. सरकारी कामाला लागतंच."

"तुम्ही मला इटालियन का शिकायला लावलंत?"

"क्लास चालू होता तोवर 'कधी नेणार' विचारत नव्हतीस."

"म्हणजे न्यायचं नव्हतंच?"

"माझ्या अब्बा-अम्मींना तिथे बघायला कोण? तेव्हा हो म्हटलं नसतं तर निकाह केला असतास? तुझ्या अम्मीला सगळं माहीत होतं. विचार तिला. आणि एवढंच असेल तर आता जर्मन सुरू कर."

अलफियाने फोन ठेवला. शमीम वाट्या गोळा करत होती.

"निकाहाआधीच बोलला होता तो मला," ती मान वर न करता म्हणाली. "चांगलं स्थळ होतं. म्हटलं, करशील सवय. मी नाही केली?"

"सवय झाली होती, तर अब्बांचा फोन संपला की आतल्या खोलीत जाऊन का रडायचीस?"

शमीम वाट्या घेऊन स्वयंपाकघराकडे वळली.

"उद्या काझींकडे खुला मागायला जातेय, मला हा निकाह मोडायचाय," अलफिया म्हणाली. "तू सोबत येऊ नकोस."