जमिनीवर ठेवलेली कॉफी

"तिथं कॉफीचा कप हातात आला की पिऊन टाकायचा. भरलेला खाली ठेवायचा नाही, कळलं का गं?" झोहरा मावशीनं रीमला निघताना बजावलं होतं. नवऱ्याच्या नोकरीपायी मावशी बरीच वर्षं जॉर्डनमध्ये राहून आलेली. पण रीमचा हा पहिलाच परदेश. लहानग्या लेकाला, गैथला तिकडचं पाणी सोसेल का, ताप आला तर दवाखाना किती लांब, या घोरात कपाचं कोण ऐकतंय! "बरं मावशी, एका घोटात संपवीन," असं हसण्यावारी नेऊन तिनं बॅगेची चेन ओढली.

आपल्या गावी, महदियाला परत येऊन आता बरेच दिवस झाले, पण रीम अजून पुरती परतलेली नाही. खिडकीत समुद्र असतो, ताटात मासळी, आणि जिभेवर मात्र वाळवलेल्या ताकाचा तो आंबट रस्सा. त्यात शिजलेलं बकरं, खाली कागदासारखी पातळ रोटी, वरून तूप. आधी तिनं नाक मुरडलं होतं. निघेपर्यंत बोटं चाटायला लागली. डोळे मिटले की जॉर्डनमधल्या करक गावापलीकडचं माळरान उलगडतं. विरळ हिरवं जव, वारा सुटला की झोपेत कूस बदलावी तसा हलणारा उतार, त्यावर काळे तंबू. समुद्राशिवायही एवढं आभाळ असतं, हे तिला ठाऊकच नव्हतं.

आणि त्या आभाळाखाली उखळाचा ठेका. रीमचा नवरा लसाद आणि नायेफ जुने सोबती. त्या नायेफच्या घरीच ते उतरले होते. नायेफचे वडील, अबू नायेफ, कॉफी स्वतः कुटायचे. मुसळ असं घुमायचं की कुत्री कान टवकारत, शेजारच्या तंबूतली माणसं यायला वहाणा पायात सरकवत, गैथ तर नाचायलाच लागे. नायेफची बायको नूफ हिच्या मांडीवरची वर्षाची शमा तेवढी शांत.

"गुणाची आहे पोर," शमाची आजी कौतुकानं सांगे. "मुसळानंसुद्धा झोप मोडत नाही बघ."

रीमनं एकदा शमाच्या पाठीमागे हळूच ताटलीवर चमचा वाजवला. मग जोरात वाजवला. शमानं मान वळवली नाही. नूफनं चमच्याकडे पाहिलं आणि तोंड फिरवलं. रीमनं चमचा ठेवून दिला. परक्याच्या लेकराला कोण नाव ठेवणार? उद्या म्हणतील, हिचीच नजर लागली.

निघायच्या सकाळी सगळे निरोपाला बसले होते. रीमच्या हातात कप आला आणि तेवढ्यात गैथ विस्तवाकडे धावला. तिनं कप सतरंजीवर टेकवला, झेप घेऊन पोराला धरलं. काखेत मारून परत आली, तर सगळ्यांच्या नजरा कपावर.

"काय झालं?"

"कप खाली ठेवलास," लसाद कुजबुजला. "म्हणजे तुला काहीतरी मागायचंय. आता माग, नाहीतर त्यांचा अपमान."

"पी लेकी," अबू नायेफ म्हणाले. "जे मागशील ते दिलं."

"अहो काका, पोरगं विस्तवाकडे..."

"लाजू नकोस गं," आजी हसली. "माझ्या बांगड्या सोडून काहीही माग."

"कोकरू माग आणि सुटका कर," लसाद पुटपुटला.

"विमानात कोकरू?"

सगळे हसले. नूफ हसली नाही. ती त्या कपाकडे टक लावून बघत होती. रीमला मावशी आठवली, आणि शब्द आपसूक बाहेर आले.

"शमाला अम्मानला न्या. कानाच्या डॉक्टरकडे."

आजीचं हसू मावळलं. "माझ्या नातीला काय धाड भरलीय?"

"शब्द दिलात ना, मामंजी," नूफ मान खाली घालूनच म्हणाली.

म्हाताऱ्यानं नातीकडे पाहिलं. मुसळ उचललं आणि तिच्या पाठीमागे रिकाम्या उखळात एकदाच हाणलं. गैथ दचकला. शमा आईच्या ओढणीच्या गोंड्यांशी खेळत राहिली.

"नेतो," ते म्हणाले, आणि कप स्वतः उचलून रीमच्या हातात दिला. कॉफी गार झाली होती, कडू. तिनं शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली.

परतल्यावर नायेफनं नोकरी बदलल्याचं कळलं. त्याचा जुना नंबर आता लागत नाही. "म्हाताऱ्याचा शब्द आहे, झोप आता," लसाद म्हणतो. शब्दावर रीमचाही विश्वास आहे; पण अम्मान लांब, बकऱ्या वेतावर, घरात हजार कामं. ती पितळी खलात मिरच्या कुटते, कुटता कुटता मागे वळून बघते. गैथ प्रत्येक ठोक्याला मान वर करतो. तिला बरं वाटतं, आणि बरं वाटल्याचीच टोचणी लागते.

तिकडे निघालेलं कुणीही भेटलं की ती एकच काम सांगते, तुम्हालाही तेच. करकवरून पुढे माळाला लागा, अबू नायेफचा तंबू विचारा. कॉफी देतील, ती पिऊन टाका. मग नूफच्या शमापाशी जा, तिच्या पाठीमागे उभं राहा आणि टाळी वाजवा. ती वळली का, तेवढं रीमला कळवा.