कन्सोलवाला

"भावोजी, आधी ते पीसीवाल्यांशी खेळायचं सेटिंग बंद करा," मेहुणा म्हणाला. "आम्ही कन्सोलवाले आपापसांत खेळतो ते काय वेडे म्हणून? समोरचा माऊसवर असतो. त्याने मनगट जरा हलवलं की त्याची मान गर्रकन फिरते. आपण अंगठ्याने स्टिक ढकलतोय तोवर आपला निकाल लागलेला असतो."

"बंद केलं तर ती भेटेल का?"

मेहुण्याने ते सेटिंग तसंच राहू दिलं. ती पीसीवर, म्हणजे कॉम्प्युटरवर खेळायची. सेटिंग बंद केलं तर ती जन्मात भेटली नसती.

भावोजी म्हणजे पंपाचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात चौतीस वर्षं लेथवर उभा राहून निवृत्त झालेला टर्नर. कारखान्यात त्याला सगळे 'मिलिमीटर' म्हणायचे. कारण शाफ्टवरून नख फिरवून तो सांगायचा, अजून एवढं उतरवायला हवं, आणि मोजलं तर तेवढंच निघायचं. त्याच्या डाव्या तर्जनीचं वरचं पेर मशीनने कधीच खाल्लं होतं. त्यामुळे कंट्रोलरचं डावं बटण तो मधल्या बोटाने दाबायचा. मेहुणा दंतवैद्यांसाठी कवळ्या बनवायचा. चव्वेचाळिसाव्या वर्षीही खेळाचा नाद त्याला सुटला नव्हता. भाचीला कंट्रोलर कसा धरायचा हे त्यानेच शिकवलेलं.

भाची म्हणजे टर्नरची एकुलती एक लेक. आईपेक्षा वीतभर उंच झाली तरी घरात ती टिंगूच राहिली. आधी टीव्हीला जोडलेल्या कन्सोलवर गोळीबाराचे गेम खेळायची, मग एकेक भाग जमवून तिने स्वतःचा कॉम्प्युटर उभा केला. चार जणांबरोबर टीम बांधली, स्पर्धांना जाऊ लागली. टर्नरला त्यातलं ओ की ठो कळत नसे. जेवताना ती हातवारे करून सांगायची, आई हसायची आणि तो म्हणायचा, "आधी वरण गार होतंय ते बघ."

मग आई आजारी पडली. शेवटच्या आठवड्यात लेकीच्या टीमची उपांत्य फेरी होती. "मी जात नाही," लेक म्हणाली. आईने हॉस्पिटलच्या खाटेवरूनच तिला दटावलं, "इथे बसून माझं तोंड बघणार आहेस का? जा. जिंकून ये." टर्नर तिथेच उशाशी उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं.

स्पर्धेत फोन काढून घेत. त्या चार तासांतच आई गेली.

आणि एक गोष्ट फक्त टर्नरला ठाऊक होती. त्या वेळी तोही खोलीत नव्हता. चहा घ्यायला म्हणून तो खाली गेला, तिथे कारखान्यातला एक जुना सोबती भेटला, आणि नव्या मशीनवर गप्पा रंगल्या. वीस मिनिटं. वर आला तेव्हा नर्स खाटेभोवतीचा पडदा ओढत होती.

लेक धावत आली तेव्हा व्हरांड्यात सगळे नातेवाईक उभे होते. तिच्या गळ्यात अजून स्पर्धेचं ओळखपत्र होतं. टर्नरने तिच्याकडे पाहिलं आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "जिंकलीस ना? मग झालं."

चारच शब्द. ते तोंडातून निघाले तेव्हाच त्याला कळलं की आता ते परत घेता येणार नाहीत. दहा-बारा दिवसांनी लेकीने कॉम्प्युटर दोन पांघरुणांत गुंडाळला आणि दुसऱ्या शहरात निघून गेली. मामाचा फोन उचलायची, बापाचा नाही. पुढे बापाने पत्ताच मागू नये असं तिने मामाला बजावलं. "ते दारात आले तर मी दार उघडणार नाही, मामा. आणि नाही उघडलं म्हणून मलाच महिनाभर झोप लागणार नाही. त्यांना सांग, नका येऊ."

म्हणून टर्नर गेला नाही.

दोन वर्षांनी तिची खोली झाडताना त्याला कपाटात कन्सोल सापडला. त्याने मेहुण्याला बोलावलं. मेहुण्याकडूनच कळलं की ती रोज दुपारी दोन ते पाच सराव करते, अगदी वरच्या श्रेणीत. त्या श्रेणीत त्या वेळी माणसं इतकी थोडी, की फिरून फिरून तीच एकमेकांसमोर येतात. 'सव्वापाच' या नावाने ती खेळायची. ती जन्मली ती वेळ.

"पण तिथवर पोचायचं म्हणजे खालपासून माऊसवाल्यांना हरवत जायचं," मेहुणा म्हणाला. "मला पाच वर्षांत जमलं नाही. तुम्ही एकसष्टचे."

"मला दुपारी काम काय असतं?" टर्नर म्हणाला.

पहिले तीन महिने त्याने नुसता मार खाल्ला. दार ओलांडलं की मेला, जिना चढला की मेला. कुठून गोळी आली हेही कळायचं नाही. गेम कन्सोलवाल्यांना नेम धरायला थोडी मदत करतो, शत्रू समोर आला की नेम किंचित त्याच्याकडे ओढला जातो. म्हणून चुकून त्याने कोणाला टिपलंच, तर कानात शिव्यांचा पाऊस. "मशीन नेम धरतंय, तुझं काय त्यात?" कोणी तरी पोरगेला आवाज ओरडायचा. टर्नर मनाशी म्हणायचा, बाबा रे, मशीन कधीच आपणहून काही करत नाही.

मग तो कामगारासारखा कामाला लागला. एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये जाऊन त्याने ॲल्युमिनियमच्या दोन टोप्या कातल्या आणि स्टिकवर बसवल्या. स्टिक चार मिलिमीटर उंच झाली, तसा नेम बारकाईने हलवता येऊ लागला. उघड्यावर माऊसशी गाठ घ्यायची नाही हे त्याने ठरवून टाकलं. मान गर्रकन फिरवण्यात आपण हरणारच. तेव्हा मान फिरवावीच लागणार नाही अशा जागी बसायचं. दुसरा कुठून येणार ते आधीच ओळखायचं, तिथे नेम लावून ठेवायचा आणि थांबायचं. थांबणं त्याला येत होतं. एका शाफ्टवर सहा-सहा तास त्याने काढले होते.

अकरा महिन्यांनी तो वरच्या श्रेणीत पोचला. अंगठ्यांचे सांधे सुजले होते, सकाळी शर्टाची गुंडी लागत नव्हती. मेहुणा पेढ्यांऐवजी मलमाची ट्यूब घेऊन आला.

चौथ्या दिवशी समोरच्या टीमच्या यादीत 'सव्वापाच' दिसलं.

वीस सेकंदांत टर्नर मेला. मेल्यावर गेम दाखवतो, मारणाऱ्याने तुम्हाला कसं पाहिलं ते. टर्नरला लेकीच्या नजरेतून दिसलं, की खांबाआड कोणी एक वाकून बसलंय आणि त्याचा खांदा थोडा बाहेर राहिलाय. मग नेम अजिबात न डळमळता त्या खांद्यावर आला.

"हात काय स्थिर आहे तिचा!" संध्याकाळी तो मेहुण्याला सांगत होता. "म्हणजे बरी आहे. जेवतखात असणार. नाही तर एवढा हात स्थिर राहत नाही."

"तुम्हाला मारलं तिने, भावोजी."

"मारलं की."

पुढचे दीड-दोन महिने असेच गेले. आठवड्यातून दोन-तीनदा गाठ पडायची आणि बहुतेक वेळा तो तिच्या हातून मरायचा. त्याने तिला दोनदाच टिपलं, आणि दोन्ही वेळा कंट्रोलर खाली ठेवून तो उठून गेला. मेहुणा म्हणायचा, बोला तिच्याशी. टर्नर म्हणायचा, काय बोलू? माईक कायम बंद.

एका दुपारी गेमने दोघांना एकाच टीममध्ये टाकलं.

"अरे देवा, कन्सोलवाला आलाय आपल्यात," कानात लेकीचा आवाज आला. थोडा जाड झालेला, पण तोच. "गेली मॅच. ए कन्सोल, ऐकतोयस ना? कुठेही पळू नकोस. मागचं दार धर आणि तिथेच बस. जमेल?"

आयुष्यात पहिल्यांदा तिने त्याला अरे-तुरे केलं होतं. लहानपणीसुद्धा "बाबा, तुम्ही" म्हणायची. टर्नरने मान डोलावली, जशी काही तिला ती दिसणार होती, आणि मागचं दार धरलं.

त्याने ते सोडलं नाही. पुढे पळून मिरवावं असं कितीदा वाटलं, तरी तो बसून राहिला. शेवटच्या डावात दोन माऊसवाले एकदम त्या दारावर आले. पहिला आत पाय टाकतो न टाकतो तोच आडवा झाला. दुसऱ्याने टर्नरला जवळपास संपवलंच होतं, पण धूर विरायच्या आत त्याचाही हिशेब झाला. मॅच त्यांची झाली.

"बाप रे!" लेक खदखदून हसली. तसं हसणं त्याने तीन वर्षांत ऐकलं नव्हतं. "काय धरलंस रे दार! भिंत आहेस तू. माईक नाहीये का? नाव काय तुझं?"

बाकीचे तिघे बाहेर पडले. पडद्यावर दोनच नावं उरली. टर्नरने माईक सुरू केला.

"टिंगू," तो म्हणाला.

पलीकडून पंख्याची घरघर तेवढी ऐकू आली.

"टिंगू, मी बोलतोय. बाबा. ठेवू नकोस. एकच सांगायचंय. त्या दिवशी मी जे बोललो... ते तुला नव्हतंच. मी स्वतःलाच बोलायला हवं होतं. तुझं काही चुकलं नव्हतं गं. मीसुद्धा तिथे नव्हतो."

"कुठे नव्हतात?"

"खोलीत. चहाला खाली गेलो होतो. बोलत बसलो कोणाशी तरी. वीस मिनिटं. वर आलो तर... मला माझीच लाज वाटली, आणि तू समोर आलीस."

त्याला वाटत होतं, हे ऐकून तिच्या छातीवरचा दगड खाली उतरेल. तीन वर्षं त्याने हेच वाक्य तासून तासून ठेवलं होतं.

"म्हणजे आई एकटी होती?" लेक म्हणाली.

टर्नरने कंट्रोलर मांडीवर ठेवला.

"बाबा, मी रोज रात्री काय म्हणायची माहितीये स्वतःला? मी नव्हते, पण बाबा होते. तिचा हात त्यांच्या हातात होता. म्हणून तुमच्यावर रागावता यायचं मला. होतात ना तुम्ही तिथे, मग तुम्हाला बोलायचा हक्क होता, असंसुद्धा वाटायचं कधी कधी. कोणीच नव्हतं तिच्याजवळ?"

"नर्स होती," टर्नर म्हणाला. खरं तर तीही नंतर आली होती. पण त्याने ते तेवढं ठेवलं स्वतःपाशी.

"हे नसतं सांगितलंत तरी चाललं असतं, बाबा," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. मग तिचं नाव पडद्यावरून गेलं.

दुसऱ्या दिवशी दोन वाजता टर्नर कन्सोलसमोर बसला, पण त्याने तो सुरू केला नाही. ती आली तरी तिला नीट खेळता येणार नाही, दर मॅचला यादीत आपलं नाव शोधत बसेल, हे त्याला कळत होतं. तिसऱ्या दिवशी तो तंत्रशाळेत गेला. लेथ शिकवायला दुपारचा माणूस हवा होता, ते काम त्याने धरलं. दीड ते साडेपाच. न खेळणाऱ्याची श्रेणी दर आठवड्याला खाली घसरते. त्याची घसरत राहिली.

दोन महिन्यांनी मेहुणा सांगायला आला. शाळा नुकतीच सुटली होती. टर्नर मशीनवरचा लोखंडी कीस ब्रशने झाडत होता.

"काल फोन होता तिचा. विचारत होती, बाबा दुपारी दिसत नाहीत."

टर्नरचा हात थांबला. "तू काय म्हणालास?"

"खरं ते सांगितलं. शाळेत शिकवतात म्हटलं, दुपारभर."

"मग?"

"मग काही नाही. 'बरं' म्हणाली."

"कसं म्हणाली?"

"कसं म्हणजे? 'बरं' म्हणाली."

"सुटका झाल्यासारखं? की... कसं? जसं म्हणाली तसं म्हणून दाखव."

मेहुण्याने म्हणून दाखवलं. टर्नरने मान हलवली. त्याने पुन्हा म्हणून दाखवलं, या वेळी जरा हळू. मग आणखी एकदा, शेवट किंचित लांबवून. टर्नर डोळे मिटून, कान देऊन ऐकत होता.

"नाही रे," तो म्हणाला. "यातलं एकही तिचं नाही."

मेहुण्याने त्याच्या हातातला ब्रश घेतला आणि राहिलेला कीस झाडायला लागला.