मनोऱ्याखालचं लाल सौनाघर

तावेत्तीने वल्ही थांबवली. "ओढ बघू."

होडीच्या मागच्या टोकाला बसलेल्या सायमीने दोरी ओढून घेतली. माशांना भुलवायचा पितळी चमचा वर आला तो गवताची दाढी लावूनच. गळ दिसतसुद्धा नव्हता.

"तिसऱ्यांदा, बाबा."

"दिसतंय मला."

मागच्या आठवड्यात शेजारच्या एन्सिओने तावेत्तीला तळ्यातल्या बोरूच्या दाट गवतातून बाहेर काढलं होतं. होडी कुठे न्यायची तेच त्याला उमगेना झालं होतं. ते कळताच लेक शहरातून धावत आली. या उथळावरून चमचा एकदा स्वच्छ ओढून दाखव, नाहीतर होडी विकायची, असं तिचं म्हणणं. तावेत्ती तेव्हा हसला होता. उथळावर गवत पाण्याच्या वरपर्यंत माजलेलं, पण मधून एक मोकळी पट्टी जाते आणि पाइक मासे तिच्याच कडेला दबा धरून असतात. वल्हवणाऱ्याचं तोंड मागच्या काठाकडे. चर्चचा मनोरा काठावरच्या लाल सौनाघराच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, बरोबर डोक्यावर ठेवायचा, की होडी पट्टी सोडत नाही. बापाने शिकवलेलं.

त्याने पुन्हा पाहिलं. मनोरा होता. खाली लाल सौनाघर होतं. सुताने आखल्यासारखं.

मग गवत आलं कुठून? तळं सरकलं की काय?

"दमलास का?" सायमीचा आवाज मऊ झाला. त्या मऊपणाचीच त्याला धास्ती वाटली.

तेवढ्यात धक्क्यावरून एन्सिओ ओरडला, "काय रे तावेत्ती, गवत कापायला निघालास? गाय घेतलीस वाटतं!"

तावेत्तीने मान वळवली आणि त्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. समोरचं लाल सौनाघर एन्सिओचं, आणि ते तर आधी पिवळं होतं! खुणेचं जुनं लाल ते पलीकडचं, आता रंग उडून राखाडी पडलेलं.

"अरे चोरा, तू रंग बदललास!" तो आनंदाने ओरडला. "ऐकलंस, सायमी? माझं डोकं ठीक आहे. यानेच खूण बदलली!"

"मी कुठला बदलतोय?" एन्सिओ हसला. "माझी कंबर धरलेली, म्हणून तूच रंगवलंस ना मे महिन्यात! डबाही तुझाच. वर शिव्या मलाच!"

एन्सिओचं हसू विरलं.

तावेत्ती त्या लाल भिंतीकडे बघत राहिला. रंगाचा वास त्याला आठवत होता. उन्हात तापलेली शिडीही आठवत होती. पण शिडीवर कोण होतं?

बऱ्याच वेळाने तो उठला. होडी डुलली. "तू ये इकडे. वल्ही घे."

"बाबा..."

"मनोरा त्या राखाडीच्या डोक्यावर ठेव. लालकडे बघू नकोस."

जागा बदलून त्याने चमचा साफ करून पाण्यात सोडला आणि दोरी दातांत धरली; गवत लागलं तर बोटांआधी दातांना कळतं. सायमी वल्हवू लागली, वेडंवाकडं, मग सरळ. चमचा खाली मोकळा फिरत होता, तशी दोरी दातांत बारीक, एकसारखी थरथरत राहिली. गवताचा एक झटका नाही.

"बरोबर चाललंय का?" तिने विचारलं.

तोंडात दोरी होती. त्याने नुसती होकारार्थी मान हलवली.