पलंगाच्या बरोबर वर

यंदा नगरपालिकेने आमच्या इमारतीच्या गच्चीवर बाग केली. स्लॅबवर माती आणि मातीत थोड्या पाण्यावर जगणारी जाड पानांची रोपं, म्हणजे खालची घरं तापणार नाहीत. शेवटचा मजला आमचा. मागच्या उन्हाळ्यात बाबा इथेच उकाड्याने गेले, आणि बाग आत्ता. वरातीमागून घोडं!

काम मात्र चोख झालं. भर दुपारीही पंख्याचा वारा आता गार लागतो. पण नेमकी आमच्या खोलीवरचीच रोपं कुजायला लागली. माळीबुवा माझ्यावर उखडले, "ताई, रोज पाणी कोण ओततंय? लाड करून मारताय तुम्ही त्यांना!"

दुपारी वर गेले, तर आई बादली घेऊन उभी. बाबा अंथरुणाला खिळल्यापासून ती रोज अशीच तापलेल्या गच्चीवर पाणी ओतायची. तेवढीच खाली त्यांना झोप लागायची.

"अगं आई, आता कशाला? खोली गार असते ना?"

"असते गं." त्यांच्या पलंगाच्या बरोबर वर तिने बादली रिकामी केली. "त्या दिवशी माझा डोळा लागला होता."