पंधरा दिवस माझ्या छातीवर

मित्रांनो, मी नगरपालिकेच्या दाराशेजारचा एक जुना सूचनाफलक आहे, आणि मी रागावलेलो आहे.

एका सुताराने मला सागवानातून घडवले. आत हिरवे कापड, वर काचेचे दार, त्याला इवलेसे कुलूप. तेव्हा माझा मोठा मान होता, कारण गावाची रीतच तशी ठरलेली होती. सभेत मंजूर झालेला कागद पंधरा दिवस माझ्यावर लागला, तरच तो कायदा. एरवी त्यावर कोणाचीही सही असो, तो नुसता कागद. त्या पंधरा दिवसांत दहा जणांनी लेखी हरकत घेतली, तर सभेला फेरविचार करावा लागे. लोक चष्मे पुसून मला वाचत. पुढे मात्र माझ्या काचेत बघून नुसते भांग पाडू लागले.

वाचणारी एकच उरली, फाटकाशी बसून चपला शिवणारी मावशी. रोज सकाळी ती अक्षराला अक्षर जुळवत मला वाचायची आणि मगच पथारी पसरायची.

एके दिवशी निरीक्षक आला. फाटकाजवळ बसायला बंदी, असा कायदा झाल्याचे सांगून त्याने तिची आरी, रापी, दोरा सगळे पोत्यात भरले.

"हा कागद फळ्यावर लागलाच नाही," मावशी म्हणाली. "मी रोज वाचते."

"सही आहे, शिक्का आहे. आणखी काय पाहिजे?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मावशीने मात्र तक्रार गुदरली. सुनावणीत अधिकारी बाईंनी कागद लावणाऱ्या शिपायाला बोलावले. निरीक्षक डोळे वटारून बघत होता, तरी शिपायाने खरे तेच सांगितले, की असा कागद त्याने लावलेला नाही. बाईंनी नोंदवही चाळली आणि निकाल दिला, हा कायदा नव्हेच. मावशीचे सामान परत आले. माझा ऊर भरून आला.

दोन महिन्यांनी तोच मजकूर सभेत रीतसर मंजूर झाला. शिपायाने खाली मान घालून तो माझ्यावर टाचला. मावशीने त्याच दिवशी हरकत लिहून दिली. मग एकेका गिऱ्हाइकाला सांगू लागली. सगळे "बघतो हं, मावशी" म्हणाले, आणि तिनेच शिवलेल्या चपला पायात घालून माझ्यासमोरून निघून गेले. हरकत आली ती एकच.

सोळाव्या दिवशी बाई स्वतः बाहेर आल्या. "मावशी, आता मात्र हा कायदा आहे. माझे हात बांधलेत."

"असेल कायदा," आरी फडक्यात गुंडाळत मावशी म्हणाली. "पण बरोबर आहे का, ते कुणी विचारलं?"

मावशी आता गावाबाहेरच्या पुलापाशी बसते. तिकडे कोणी फिरकत नाही.

मित्रांनो, कागदाचा कायदा कधी झाला, एवढेच मी सांगू शकतो. तो न्यायाचा आहे का, हे तुम्ही विचारायचे असते. वाळवी माझे लाकूड पोखरत चालली आहे, खुशाल पोखरू दे. रंग नका देऊ, काच नका पुसू. पण माझ्यावर नवा कागद दिसला की दोन मिनिटे थांबून वाचा, आणि पटला नाही तर मुदतीच्या आत तसे लिहून द्या. मला लिहिता येत नाही. तुम्हाला येते.