डब्यातली वेल

"हे बघ, तुझं फूल माझ्या कांद्यात शिरलंय!" म्हणत धाकट्यानं वेलीचा गुंता भावाच्या पायाशी आपटला.

थोरला विहिरीच्या कडेला खुरप्याला धार लावत बसला होता. त्यानं वर पाहिलं आणि पुन्हा मान खाली घातली. बायको गेल्यापासून त्याचं असंच झालं होतं. कुणी रागावलं काय नि जवळ घेतलं काय, सारखंच. लोक म्हणत, गडी खंबीर आहे. खंबीर कसला, बधिर झाला होता.

विहिरीपासून बांधावरून ती जांभळ्या फुलांची वेल धाकट्याच्या रानात उतरली होती. अशी देखणी की वाटेनं जाणारा थांबून बघे. पण तिच्या विळख्यात कांद्याची पात पिवळी पडून आडवी झाली होती.

"तण आहे ते! नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा."

"तुझ्या वहिनीनं लावलीय."

या उत्तरापुढं गावात कुणीच बोलत नसे, आणि थोरल्याला तेवढंच हवं असे.

शेजारच्या वाफ्यात खुरपणीवाली मावशी होती. जन्मभर तिनं थोरल्याच्या बायकोच्या जोडीनं खुरपलेलं. ती गुडघ्यावर हात टेकून उठली.

"लावली होती रे, पण कशात?"

"तेलाच्या डब्यात."

"आणि डबा कुठं? दारातल्या दगडावर. मातीला कधी टेकू दिला नाही. शेंग धरली की खुडून थेट चुलीत. मी म्हटलं, एवढा जाच कशाला गं? तर म्हणाली, मावशी, हिला बोट दिलं तर मनगट धरेल. गोड दिसते म्हणून ठेवलीय, पण नजरेखाली."

थोरल्याचा हात थांबला. डबा त्यानंच कापला होता. ती गेल्यावर वेल त्यात कोंडल्यासारखी वाटली. हिला तरी मोकळं जगू दे, म्हणून विहिरीजवळ शेणखत घालून लावली होती. तिच्यामागं मनापासून केलेलं ते एवढं एकच काम.

"मला कसं कळलं नाही?" तो म्हणाला.

"तू कधी खुरपायला बसलायस?" मावशी म्हणाली.

तो उठला आणि कुदळ घेऊन आला. धाकटाही कामाला लागला. खणावं तेवढी पांढरी मुळं खोल जात होती. एक तुकडा राहिला तरी पुन्हा फुटणार, म्हणून मावशी ढेकळं फोडून माती हातानं चाळत होती. उन्हं कलली तेव्हा बांध उघडा पडला होता. थोरल्याला वाटलं होतं, आता तरी रडू येईल. आलं नाही.

पेटवायच्या ढिगातून मावशीनं फुलासकट एक फांदी बाजूला काढली. "डब्यात लावून देऊ? आठवण राहील."

थोरल्यानं फांदी हातात घेतली.

"नको मावशी," तो म्हणाला, "नजर ठेवणारीच राहिली नाही." आणि ती ढिगावर टाकताना त्याला पहिल्यांदा रडू फुटलं.