विरुद्ध बाजूची वकीलबाई

वकील बोलत असतानाच रौधानं पर्स उचलली आणि ती उभी राहिली. तुमच्या नवऱ्याला लिऑनहून हात जोडत इथे स्फाक्सला यायला लावतो, असं तो दुसऱ्यांदा सांगत होता. वर्षानुवर्षं वेगळं राहून फतहीला आता मुलगी फ्रान्सला न्यायची होती आणि त्यानं तसा दावाही ठोकला होता. पण इतका वेळ तावातावानं बोलणाऱ्या या गृहस्थानं मुलीचं नाव काही विचारलं नव्हतं.

खाली गाडीत तिचा धाकटा भाऊ मुन्धिर थांबला होता. वकील त्यानंच सुचवलेला.

"जमलं?"

"नाही. त्याला नुसतं तोंड आहे, कान नाहीत."

मुन्धिर काहीतरी बोलणार होता, पण त्यानं गाडी सुरू केली.

दुसऱ्या दिवशी मसाल्याचं दुकान शेजारणीच्या हवाली करून रौधा एकटीच सलवा कम्मून यांच्या ऑफिसचा जिना चढली. या बाईचं नाव तिच्या माहेरी कुणी काढत नसे. मुन्धिरच्या घटस्फोटात ती त्याच्या बायकोची वकील होती. घर गेलं, दोन्ही मुलं आईकडे गेली. रौधाची आई मरेपर्यंत त्या वकीलबाईला शिव्याशाप देत होती. रौधाला मात्र कोर्टाच्या पायऱ्या आठवत होत्या. मुन्धिर त्या बाईच्या अंगावर ओरडत होता आणि तिनं त्याला पोटभर ओरडू दिलं होतं. मग, मुलं रविवारी तुमची वाट बघतील, वेळेवर या, एवढंच सांगून ती गेली होती.

सलवाबाईंनी तिचं माहेरचं आडनाव ऐकून चष्मा काढला.

"मुन्धिर तुमचे कोण?"

"भाऊ."

"मग माझ्यावर राग असेल."

"घरात सगळ्यांचाच आहे. म्हणून तर आले. आम्हाला हरवणारी आता माझ्या बाजूला हवी."

बाई किंचित हसल्या. मग त्यांनी मुलीचं नाव विचारलं. सिरीनला शाळेत कोण सोडतं, आजारी पडली की कुणाला हाक मारते, वडिलांबद्दल काय म्हणते, सगळं विचारलं. शेवटच्या प्रश्नाला रौधा जरा अडखळली. बाबा फोनवर गोष्टी छान सांगतात, असं सिरीन म्हणते, हे तिनं खरं तेच सांगून टाकलं.

"मुलगी तुमच्याकडे राहावी म्हणून मी जिवाचं रान करीन," सलवाबाई म्हणाल्या. "पण तिला बापापासून तोडा म्हणाल, तर दुसरा वकील बघा."

रौधा खिडकीबाहेर पाहत राहिली. समोरच्या गच्चीवर कुणीतरी ऑक्टोपस वाळत घातले होते. हे ऐकायला ती आली नव्हती. पण ऐकल्यावर तिला हलकं वाटलं. तिनं वकीलपत्रावर सही केली.

संध्याकाळी मुन्धिर दुकानावर आला. शहाजिऱ्याची पुडी बांधता बांधता, त्याच्याकडे न बघता, रौधानं वकीलबाईंचं नाव सांगितलं. गिऱ्हाईक गेलं. मुन्धिर स्टुलावर बसला.

"ओरडायचं असेल तर ओरडून घे," ती म्हणाली. "मी वकील बदलणार नाही."

स्टुलावरची हळद त्याच्या हाताला लागली होती, ती तो पुसू लागला.

"मीच तुला तिचं नाव सांगणार होतो," तो म्हणाला. "तोंडातून निघेना."

मग तो उठला आणि बाहेरची पोती एकेक करून आत आणू लागला.